झाकणावरचा मजकूर

बायको परीक्षेला आत गेली तेव्हा दहाला बारा मिनिटं कमी होती, आणि मी तिच्या हातावरच्या घड्याळाकडे बघत होतो, तिच्याकडे नाही. हे आधीच कबूल करून टाकतो. फाटकातून वळून तिने हात हलवला, डायलवर ऊन पडलं, निळी पट्टी चमकली, आणि मी मनात म्हटलं, वा! माणूस स्वतःवर इतका खूष झाला की काहीतरी बिघडायची वेळ झालेली असते.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची सेवा करायची आणि घरी आल्यावर स्वतःचे डोळे फोडून घ्यायचे, असा माझा दिनक्रम. कारण मला घड्याळांच्या डायली करायचा नाद आहे. पितळी पत्र्याची चकती कापायची, तिच्यावर नक्षी नेलपॉलिशने झाकून बाकीचा भाग तेजाबाला खायला द्यायचा, खळग्यात रंग भरायचा. मागचं स्टीलचं झाकण, जे कातडीला टेकतं, त्यावर मिठाचं पाणी, कापूस आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन अक्षरं कोरायची. हे सगळं गॅलरीत, धुण्याच्या मशीनवर फळी टाकून. या उद्योगाला वास येतो. तेजाबाचा येतो, रंगाचा येतो, नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा तर फारच येतो. सोळा वर्षं बायको गॅलरीच्या दारात येऊन एकच वाक्य म्हणते, "कसला वास येतोय?" तो प्रश्न नसतो.

ती एकोणीस वर्षं वॉर्डात मदतनीस आहे. सलाईन संपलं की पहिलं तिला कळतं, ताप चढायच्या आधी तिला कळतं, नव्या डॉक्टरांना सुई कुठे टोचायची तेही तीच हळूच सांगते. पण नोंदणी नाही, म्हणून कागदोपत्री ती नर्स नाही. नोंदणीची परीक्षा तीनदाच देता येते. दोनदा ती नापास झाली होती. एकदा चार गुणांनी, एकदा सहा. दोन्ही वेळा एकाच कारणाने: शेवटचा प्रश्न राहिला. एका रुग्णाची सगळी हकिकत देतात आणि त्याची काळजी कशी घ्याल ते लिहायचं असतं. तीस गुण. जे ती झोपेतसुद्धा करू शकते, नेमकं तेच लिहायला वेळ उरत नाही. हॉलचं घड्याळ मागच्या भिंतीवर, मध्ये खांब. मान वळवली की पर्यवेक्षक डोळे वटारतात. शेवटची दहा मिनिटं राहिली की घंटा होते, तोवर तिचं घोडं तिसऱ्या प्रश्नात पेंड खात असतं.

तर या तिसऱ्या, शेवटच्या खेपेसाठी मी तिला घड्याळ करून दिलं. फोन आत नेता येत नाही, साधं काट्यांचं घड्याळ चालतं. मी डायलवर आकडेच ठेवले नाहीत. आकडे दिसले की ती वजाबाक्या करत बसते आणि तिचा धीर सुटतो. काठाला चार बारीक ठिपके, मध्ये मिनिटांच्या केसाएवढ्या खुणा, आणि दहापासून एकपर्यंत तीन रंगांच्या पट्ट्या. निळी संपली की पहिला भाग सोडायचा, हिरवी संपली की दुसरा. शेवटच्या घंटेला नव्हे, पुरेसा वेळ हाताशी असताना, बारा वाजून दहा मिनिटांनी लाल पट्टी सुरू होते. लाल लागली की हातातलं असेल ते टाकून शेवटचा प्रश्न धरायचा.

"मिनिटकाट्याकडे बघूच नकोस," मी तिला पढवलं होतं. "फक्त तासकाटा. तो कुठल्या रंगात आहे एवढंच."

"एवढंच? नक्की ना?"

"एवढंच. डोळे मिटून विश्वास ठेव."

"डोळे मिटले तर रंग कसा दिसणार?" ती म्हणाली, पण खूष होती. सोळा वर्षांत तिने माझं घड्याळ पहिल्यांदा हातात घातलं होतं. एरवी तिचा शेरा ठरलेला, "वेळ बघायला घड्याळ लागतं, तुमची ही चित्रं नव्हेत."

मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती.

डायलच्या पाठीला टाचणीएवढे दोन पाय असतात. ते आतल्या मशीनच्या दोन भोकांत बसतात, म्हणून डायल जागची हलत नाही. मी मशीनवरून माप घेतलं आणि डायलच्या पाठीवर तसंच्या तसं उतरवलं. आता पाठ ही उलटी बाजू. डावं उजवीकडे जातं. नवशिका माणूस हे तीनदा तपासून बघतो. मी तपासलं नाही, कारण मी नवशिका नाही. पत्रा एक, माप एक, म्हणून दोन डायली केल्या होत्या, एक तिला आणि जोडीची मला. दोन्हींचे पाय चुकले, आणि ते कळलं रंग भरून, वाळवून, घासून झाल्यावर. पाय पुन्हा बसवायचे तर कथील वितळवून डाख द्यावा लागतो, डाखाच्या आचेने रंग करपतो, नवा रंग वाळायला तीन दिवस लागतात आणि परीक्षा होती परवावर. मी पाय कापून टाकले. डायल चिकटवायचे खास गोल तुकडे मिळतात, ते संपले होते. दुकानात आरसे चिकटवायची दुहेरी टेप होती, ती बारीक कापून लावली. पक्की बसली. बोटाने ढकलून पाहिली, हलली नाही. झालं तर मग, म्हटलं, उगाच तिच्या डोक्याला घोर कशाला. खरं म्हणजे माझी चूक तिला कळायला नको होती, घोर वगैरे नंतर सुचलं.

फाटकासमोर एक सिमेंटचा बाक होता. सावली नाही. सकाळपासून ऊन असं होतं की बाकावर आधी रुमाल टाकावा लागला. फाटकाच्या कमानीवर मोठं घड्याळ होतं. मी बसलो, पाण्याची बाटली काढली, आणि अकराच्या सुमाराला केवळ कौतुक म्हणून स्वतःच्या हातावर नजर टाकली. तासकाटा अजून निळ्यात होता.

निळी पट्टी अकराला संपते. कमानीवरच्या घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. सकाळी निघताना मी दोन्ही घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवली होती. फोन पाहिला: अकरा दोन. मिनिटकाटा पाहिला. तो ठिपक्याच्या पुढे दोन मिनिटं हवा होता. होता एकच. घड्याळ एका मिनिटाने मागे पडलं म्हणावं, तर सेकंदकाटा फोनबरोबर पाऊल टाकत होता.

खिशात भिंग असतंच. डोळ्याला लावलं. काटे बरोबर होते. डायल सरकली होती. रंगाच्या तीन जाड पट्ट्या एकाच बाजूला, तीच बाजू जड. उन्हाने टेप मऊ झाली, हात लोंबता राहिला, आणि जड बाजू हळूहळू खाली निघाली. किती? एका मिनिटाच्या खुणेएवढी. सहज बघणाऱ्याला कळणारही नाही एवढी.

आता एक मिनिट म्हणजे काय मोठंसं? मिनिटकाट्याला काहीच नाही. पण तासकाटा फार सावकाश चालतो. जेवढं अंतर मिनिटकाटा एका मिनिटात कापतो, तेवढ्याला तासकाट्याला बारा मिनिटं लागतात. आणि मी तिला काय पढवलं होतं? फक्त तासकाटा बघ. लाल पट्टी बारा दहाला लागणार होती, ती बारा बावीसला लागेल. आणखी एक खूण सरकली तर बारा चौतीसला. शेवटच्या प्रश्नाला निदान चाळीस मिनिटं हवीत, हे तिनेच घरी चार वेळा लिहून पाहिलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुतीचा निदान उपयोग तरी होतो.

मी मनगट झटकलं, रागाने. डायल अजून थोडी सरकली. आम्ही आलो होतो स्कूटरवरून, अर्धा तास, खड्ड्यांतून, आणि ती मागे बसून माझ्या खांद्याला धरून होती. तिचा हात लोंबत नव्हता, हे खरं. पण हादरे तर बसलेच. तिचं सरकलं असेल की नसेल? आत पंखे असतील. टेप मऊ झाली नसेलही. कदाचित सगळं ठीक असेल. "कदाचित" या शब्दावर मी तिची एकोणीस वर्षं टांगून ठेवली होती.

फाटकावर पहारेकरी होता, मिशीवाला, खुर्चीत ऐसपैस.

"दादा, आत एक निरोप द्यायचाय."

"कुणाला?"

"बायकोला. परीक्षेला बसलीय."

"मग एक वाजता द्या."

"एक वाजता देऊन काय लोणचं घालायचंय? तिचं घड्याळ चुकतंय!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे. मान तिरकी करून नीट पाहिलं. "तुमचंपण चुकतंय की," तो म्हणाला. "ह्यात आकडेच नाहीत."

मी भडकलो. मी भडकलो की आवाज चढतो आणि काम बिघडतं, हे मला माहीत आहे, पण माहीत असून कधी उपयोग झालेला नाही. मी त्याला नियम, माणुसकी आणि त्याची खुर्ची यांवर एक छोटं भाषण दिलं. तो ऐकून घेत होता. शेवटी त्याने अंगठ्याने बाजूची खिडकी दाखवली. "कार्यालय तिकडे. मला ओरडून काय होणार? मी फाटक आहे."

खिडकीच्या आत एक कारकूनबाई होत्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. समोर कागदांचे गठ्ठे, शाईची गादी, आणि एका खाकी पाकिटाच्या तोंडावर त्या एकामागून एक शिक्के मारत होत्या, चारही बाजूंनी. त्यांचा चष्मा दर शिक्क्याला नाकावरून घसरत होता. डावी काडी सैल. दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "बाई, चष्मा द्या जरा."

"काय?"

"स्क्रू सैल झालाय. मी चष्म्याचंच काम करतो."

त्यांनी संशयाने दिला. मी खिशातल्या पेचकसाने दोन वळसे मारले, नाकाच्या पट्ट्या सरळ केल्या, पुसून परत दिला. त्यांनी लावला, मान हलवून पाहिली. चष्मा जागचा हलला नाही.

"आता बोला," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. डायल, पट्ट्या, टेप, पाय. पायांचंसुद्धा सांगितलं, जे बायकोला सांगितलं नव्हतं. मग पाकीट बाजूला ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा भाऊ. बाहेरून परीक्षार्थीला काहीही निरोप गेला की तो गैरप्रकार. चांगला निरोप, वाईट निरोप, काही फरक नाही. पेपर वेगळ्या पाकिटात जातो. ती खेप गेली म्हणून समजा. कितवी खेप आहे त्यांची?"

"तिसरी."

"मग?"

"नुसती वेळ सांगा ना. तिला नको, सगळ्यांना सांगा. सगळ्या हॉलला. बारा वाजले म्हणून. त्यात कुणाचा काय फायदा?"

"कुणाच्या सांगण्यावरून आम्ही घंटा करत नाही. उद्या प्रत्येकाचा नवरा येईल खिडकीवर." त्यांनी पेन हातात घेतलं, वहीवर टेकवलं, लिहिलं मात्र नाही. "तुम्ही नाव सांगितलंत, नंबर सांगितलात, तर मला ते इथे नोंदवावं लागेल. आणि वर कळवावं लागेल. अजून तुम्ही सांगितलेलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला कळलं. नाव माझ्या ओठांवर होतं, तिचा बैठक क्रमांक तर मला तिच्यापेक्षा पाठ होता. मी तोंड बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

"चष्म्याबद्दल आभार," त्या म्हणाल्या.

अकरा चाळीस. मी बाकावर येऊन बसलो. बसवेना म्हणून उठलो. भिंतीच्या कडेने चालत गेलो, हॉलच्या खिडक्या कुठल्या त्याचा अंदाज घेतला. वरच्या मजल्यावर, जाळी लावलेल्या. मनात काय काय आलं ते सांगायला लाज वाटते. खालून ओरडावं, "बारा वाजले हो!" जसा काही मी भाजीवाला. स्कूटरचा हॉर्न दाबून धरावा. पण ती हॉर्न ऐकून काय समजणार? समजली आणि खिडकीकडे पाहिलं तर? पर्यवेक्षकाने विचारलं, कोण आहे खाली, तर? मी काहीही केलं तरी तिचाच पेपर वेगळ्या पाकिटात जाणार होता. काही नाही केलं तर लाल पट्टी तिला फसवणार होती, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून शांतपणे, सावकाश, छान अक्षरात दुसरा भाग लिहीत बसणार होती. तेच चित्र डोळ्यांपुढून हलेना. घाबरली असती तर निदान भरभर लिहिलं असतं. मी तिची भीतीसुद्धा काढून घेतली होती.

बारा वाजले. बारा दहा झाले. आता खरी लाल. माझ्या हातावर काटा अजून हिरव्यातच होता, सुस्त, जसा काही रविवार आहे. मी घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. मग कमानीवरच्या घड्याळाकडेच बघत उभा राहिलो. बारा बावीस. सरकली असेल एक खूण, तर आत्ता. उचल, म्हणत होतो, शेवटचा प्रश्न उचल. बारा चौतीस. आता उचललास तरी अर्धाच होईल. पाणी संपलं होतं, तहान कळत नव्हती. पहारेकऱ्याने आपली खुर्ची सावलीत घेतली आणि मला हाक मारली, "दादा, इकडे या, चक्कर येईल." मी गेलो नाही. मला उन्हातच उभं राहायचं होतं, शिक्षा म्हणून. त्याने काय साधलं विचाराल तर डोकं दुखलं.

बारा पन्नासला घंटा झाली. ती मी छातीत ऐकली. तिला आत्ता कळलं असेल, मला वाटलं. आत्ता तिने माझ्या घड्याळाकडे पाहिलं असेल, मग पेपराकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

एकला फाटक उघडलं. पोरीबाळी बाहेर आल्या, हसत, रडत, उत्तरं ताडून बघत. ती नाही आली. दहा गेल्या, वीस गेल्या. सगळ्यात शेवटी आली. तोंड लालबुंद, केस विस्कटलेले, मनगट मोकळं, आणि हातात एक खाकी पाकीट, चारही बाजूंनी शिक्के मारलेलं.

मी काही बोलायच्या आत तिनेच तोंड सोडलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं झाकणावर लिहायला?"

"काय?"

"झाकणावर! मागे! काय कोरलंत तुम्ही?"

मी विसरूनच गेलो होतो. मागच्या झाकणावर, मनगटाला टेकतं तिथे, मी गंमत म्हणून तिचंच वाक्य कोरलं होतं. नोंदणी मिळाल्यावर एखाद्या दिवशी घड्याळ काढताना तिला दिसेल, हसेल, असं मनात होतं.

"दहा वाजून दहा मिनिटांनी पर्यवेक्षक बाई आल्या. घड्याळं काढून बाकावर ठेवा, म्हणाल्या. उलटं केलं तर मागे लिहिलेलं! 'कसला वास येतोय?' मला विचारतात, याचा अर्थ काय? मी काय सांगू? म्हटलं, माझा नवरा. त्या म्हणाल्या, नवरा म्हणजे काय? वर नेलं मला. मुख्य पर्यवेक्षकांनी भिंग घेऊन वाचलं. एक साहेब म्हणाले, सांकेतिक भाषा असेल, वायूंवर प्रश्न आहे पेपरात. प्राणवायू! अहो, मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. शेवटी माझ्याकडून लिहून घेतलं. 'झाकणावरील मजकूर हे माझे घरगुती वाक्य असून त्याचा परीक्षेशी संबंध नाही.' सही घेतली, घड्याळ पाकिटात, पाकीट खाली कार्यालयात. सतरा मिनिटं गेली माझी! आणि तीन तास घड्याळाशिवाय!"

ते पाकीट. त्या चार बाजूंचे शिक्के. मी समोर उभा राहून डायलचे पाय आणि टेप सांगत होतो तेव्हा ते घड्याळ माझ्यापासून हातभर अंतरावर पडलं होतं. मी फक्त नाव सांगितलं असतं, तर कारकूनबाईंनी ते पाकीट उचलून दाखवलं असतं.

"शेवटचा प्रश्न?" मी विचारलं.

"तोच आधी घेतला. घड्याळ नाही, खांबाआड काही दिसत नाही. म्हटलं, वेळ कळणारच नाही तर जे दोनदा सुटलं ते पहिलं धरू. पाच पानं लिहिली." तिने श्वास घेतला. "शेवटी दोन-दोन गुणांचे तीन राहिले. सतरा मिनिटं असती तर तेही झाले असते. तुमचं ते झाकण!"

मला बाकावर बसावंच लागलं. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. सगळा दोष झाकणावर गेला होता, आणि झाकणाचा दोष म्हणजे हसण्यावारी न्यायचा. पण पुढे कधीतरी ती पुन्हा डोळे मिटून विश्वास ठेवेल, आणि मी पुन्हा खूष होईन, हे माझ्याच्याने बघवलं नसतं. मी सांगितलं. उलटं माप, कापलेले पाय, आरशाची टेप. अकरा वाजता काय दिसलं ते. खिडकीवर काय झालं ते.

पाकिटाचे शिक्के तिने एकेक करून फाडले, घड्याळ बाहेर काढलं, कमानीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. लाल पट्टी एकला संपायची. तिचा काटा अजून लालमध्येच होता.

"म्हणजे हे हातात असतं तर," ती म्हणाली.

"हो."

"मी ह्याच्यावर विसंबून बसले असते."

"हो."

"विचारलं होतं मी. नक्की ना, म्हणून."

"विचारलं होतंस."

ती माझ्याशेजारी बसली, रुमाल नव्हता तरी तापलेल्या सिमेंटवर. घड्याळ उलटं करून तिने झाकणावरची अक्षरं अंगठ्याने घासली. बराच वेळ. मला वाटलं आता ती ते रस्त्यावर भिरकावणार, आणि मी तिला अडवणार नव्हतो.

"वॉर्डात नवीन मुलगी आली ना," ती म्हणाली, "की पहिल्या दिवशी मी तिला सांगते, चुकीचं औषध दिलंस तर मी ओरडेन. पण दिलंस आणि सांगितलं नाहीस, तर मी तुला वॉर्डात उभी करणार नाही." तिने घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "घरी चला. आज हे माझ्यासमोर उघडा. रंग खरवडा, पाय लावा, नीट लावा. कितीही वास आला तरी चालेल. मी तिथेच स्टूल घेऊन बसणार आहे."

ती बसली. रंग करपताना खोकली, पण उठली नाही. मी माप उलटं करून दाखवलं तेव्हा तिने ते स्वतः पुन्हा मोजलं. पुढचे तीन दिवस रंग वाळत होता आणि ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. ते बरोबरच होतं.

निकाल सहा आठवड्यांनी लागला. मी गॅलरीत होतो, एक नवं झाकण बॅटरीला जोडलेलं, कापूस मिठाच्या पाण्यात. मागून आवाज आला.

"कसला वास येतोय?"

सोळा वर्षं ते वाक्य मी पाठीवर झेललं होतं. त्या दिवशी त्यात तिचा आवाज मध्येच फाटला. मी तार सोडून वळलो. तिच्या हातात कागद होता, मनगटावर ते घड्याळ.

"सहासष्ट," ती म्हणाली. साठ लागत होते. "शेवटच्या प्रश्नाला तीसपैकी सव्वीस."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी सांगितलं, तेजाबाची वाफ झोंबतेय.

"तेजाब आज काढलेलंच नाहीये तुम्ही," ती म्हणाली, आणि माझा चष्मा काढून आपल्या पदराने पुसू लागली.